बांगड्या भरताना मुंबई

नागपंचमीला पालीत बांगड्या भरायला शिरूरचे म्हाळूकाका कासार यायचे. बाहेर श्रावणसर भुरभुरत होती. ओसरीवर कोण बसलंय हे न बघताच अंजनाने हात पुढे केला, आणि तो धरला एका तरण्या, अनोळखी हाताने! तिने वर पाहिलं... आणि झटकन खाली.

"काकाचे गुडघे धरलेत. मी त्येंचा पुतण्या, बंकट."

अंजनाचा हात लाकडासारखा ताठ झाला. ताठ हातात बांगडी चढत नाही, हे तिला का माहीत नव्हतं? तिचे वडील हरिबा जातीचे कासारच. फक्त त्यांचं दुकान तांब्या-पितळेच्या भांड्यांचं होतं.

"हात सैल सोडा की."

"सैलच हाय."

"मंग माझी बोटं कावून दुखाया लागली?"

तिला हसू आलं, पण हात काही सैल होईना. तेव्हा बंकटने काकाची जुनी युक्ती काढली: गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवायचं. "मुंबई पायली का कदी?"

"आमी लिंबागणेशाच्या पुढं गेलो न्हाई."

"मी माल आणाया जातो. नगरपतुर बैलगाडी, मंग आगगाडी. तिथं राजाबाईचा मनोरा हाय. इतका उंच, की वर बघता बघता माझं मुंडासं मागं पडलं! त्येच्या घड्याळाचे टोले पडले की लोक खिशातली घड्याळं काढून बघत्यात. मी बी खिशात हात घातला."

"तुमच्याजवळ घड्याळ हाय?"

"न्हाई. शेंगा होत्या."

अंजना खळखळून हसली आणि बांगड्या सरसर चढल्या. "मंग मी समुद्राकडं निगालो..." एवढं बोलून बंकट थांबला. बांगड्या भरून झाल्या होत्या. त्याने पेटी मिटली, आणि समुद्र राहूनच गेला. अंजनाला त्याचा असा राग आला म्हणता!

गौरीला तो पुन्हा आला. भरताना बांगडी फुटली तर कासाराने पदरची दुसरी भरायची, असा रिवाज. अंजनाने अलगद मूठ आवळली. कट्!

"वाढली गं बाई," आई केसरबाई डाळ निवडता निवडता म्हणाली. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही.

बंकटने तिच्या मनगटावर फुंकर घालून काचेचा कण उडवला, कुठे लागलं तर नाही ना ते पाहिलं आणि अपोलो बंदर उघडलं. तिथली जहाजं, हवा खायला आलेल्या पारशिणी, संध्याकाळचा बँड. बंदर संपत आलं की अंजनाची मूठ वळायची. दसऱ्याला तर राणीच्या बागेतला हत्ती, तिथला अजबखाना आणि लाटांच्या कडेची महालक्ष्मी, एवढं सगळं एकाच बैठकीत झालं. ओसरीवर काचांचा सडा पडला. बंकटचं नुकसान होत होतं, पण गडी तक्रार करत नव्हता.

केसरबाईने मात्र भलताच अर्थ काढला. "पोरगी मुंबईसाठी येडी झालीया," तिने नवऱ्याला सांगितलं. हरिबांनी हौसेने स्थळ शोधलं. मुलगा मुंबईत नोकरीला, माणसं चांगली. संक्रांत झाली की पाहुणे बघायला येणार!

आदल्या दिवशी आईने बांगड्या भरायला बंकटला बोलावलं. आज त्याने मुंबई काढलीच नाही.

"सांगा की," अंजना हळूच म्हणाली.

"आता म्या काय सांगू? तुमी सोताच बघताल समदं."

आज तिने मूठ आवळली नव्हती, हात अगदी सैल होता. तरी बांगडी अंगठ्यापाशीच अडली.

"ही बारीक हाय. तुमाला माझं माप म्हाईत न्हाई?"

"हाय." तो पेटीकडे बघत राहिला. "दसऱ्याला बी बारीकच आणल्या होत्या."

"कावून?"

"मापाची लगीच चढती. मंग... उठावं लागतं."

अंजना बघतच राहिली. म्हणजे इतके दिवस ती एकटीच लबाडी करत नव्हती! उद्या पाहुणे आले, त्यांनी होकार दिला, की बोलायचं काही उरणार नव्हतं.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "पाव्हण्यांना येऊ नका म्हणावं. मला मुंबई न्हाई पायजे. मला मुंबई सांगणारा पायजे."

केसरबाईच्या हातातलं सूप थांबलं. लगतच्या दुकानातली ठोकाठोकही थांबली आणि हरिबा दारात आले.

"शिरूरला पाणी बी लांबून आणावं लागतं, पोरी."

"आणीन."

"आन तू रं?" त्यांनी बंकटला विचारलं.

"लई... लई जपीन," मुंबईचा मनोरा तोंडपाठ सांगणारा बंकट एवढंच कसंबसं म्हणाला.

हरिबांनी बायकोकडे पाहिलं. केसरबाईने पदराने डोळे पुसले. "पाव्हण्यांकडं आजच माणूस धाडा. आन म्हाळूकाकाला बी निरोप द्या, बोलाचाली कराया या म्हणावं." मग ती बंकटकडे वळली.

"आन तू हात सोड तिचा! कवाधरनं धरून बसलाय, बांगडी तर भरंना एक बी."