कोलूची स्टिक

गुणवंतराव ही गोष्ट दिवसा सांगत नाहीत. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरांमागे थंडीत शेकोटी पेटते, जेवणं उरकून पोरंपोरी येऊन बसतात, आणि कोणी लॅक्रोसचं नाव काढलं तरच सांगतात. यंदा ते नाव त्यांच्या नातीने, दिव्यानीने काढलं. शाळेच्या संघात निवड झालेली, नवी कोरी स्टिक मिरवायला ती शेकोटीपर्यंत घेऊन आली. म्हातारा बराच वेळ त्या स्टिकच्या जाळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे पहिले घरात ठेवून ये. मग सांगतो."

ज्याच्यावर हे गुजरलं तो नवाब चंद्रपुरातच राहतो. धडधाकट आहे, पाच वक्त नमाज पढतो आणि दारूच्या थेंबाला शिवत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण शहाण्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

नवाब पूर्वी ऊर्जानगरात कंपनीची बस चालवायचा, तिथलीच गुणवंतरावांची ओळख. पुढे त्याने स्वतःची क्रूझर गाडी घेतली आणि भामरागडकडच्या एका आश्रमशाळेच्या संघाची ने-आण त्याच्याकडे आली. हा खेळ काय असतो ते पोरांनीच त्याला पहिल्या फेरीत समजावलं. लांब काठी, टोकाला जाळीची झोळी. चेंडू झोळीत झेलायचा, पळायचं, झोळीतूनच फेकायचा. मोठमोठ्या शाळांनी नाव ऐकलं नव्हतं तेव्हा ही जंगलातली पोरं तो खेळत होती, आणि कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे. शाळेचे सुनिल सर मोबाइलवर बघून बघून आधी स्वतः शिकले, मग त्यांनी पोरांना शिकवलं. शाळेकडे स्टिका दहा आणि संघही दहाचाच. अकरावी स्टिक मागवायची तर दोन महिने वाट बघावी लागे.

त्या दहांत कोलू होता. उंच, डावखुरा, बोलायला कमी. सुटीच्या दिवशीही तो एकटा शाळेच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसे. मैदान आखायची पांढरी फक्की असते ना, तिच्यात चेंडू घोळवायचा आणि मारायचा, म्हणजे नेम कुठे लागला ते भिंतीवर उमटतं. त्याची एक लय होती. दोन फटके लागोपाठ, मग थोडं थांबून तिसरा. टप-टप... टप. छातीच्या उंचीवर सगळी भिंत पांढऱ्या गोल ठिपक्यांनी भरून गेली होती. हेडमास्तर चिडायचे, सर हसायचे.

2023 च्या ऑगस्टात संघ गडचिरोलीला जिल्ह्याच्या स्पर्धेत जिंकला. पोळ्याला कोलू घरी गेला. पेरमिलीच्या पुढे रस्त्यालगतच त्याचं गाव. तिथे तापाने फणफणला. त्याच आठवड्यात दोन्हीकडचे नाले भरले, रस्ता तीन दिवस बंद. चौथ्या दिवशी रस्ता उघडला तेव्हा दवाखान्याचं काम उरलं नव्हतं.

तिकडच्या आदिवासी लोकांत माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात आणि त्याच्या वापरातल्या वस्तू दगडापाशी नेऊन ठेवतात. बाज, गाडगं, कपडे, जे त्याचं ते त्याला. कोणी उचलत नाही, चोरही नाही. कोलूचा बाप सुकलू शाळेत आला तो त्याची काठी मागायला. ती काठी ओळखू यायची. कोलूच्या आईने, कलाबाईने, मुठीपाशी निळ्या मण्यांची दोरी बांधून दिली होती. नवाब त्या दिवशी गाडी घेऊन फाटकात उभा होता, त्याने सगळं ऐकलं. सर वाईट बोलले नाहीत. स्टिक शाळेची आहे, ती दिली तर नऊच उरतात, नऊंचा संघ उतरू देत नाहीत, नागपूरची विभागाची स्पर्धा झाली की मी स्वतः आणून देतो, असं हात जोडून म्हणाले. सुकलूने वाद घातला नाही.

"मी थांबतो जी," तो म्हणाला. "तो थांबल का नाई, ते मले नाई सांगता येत."

कोलूच्या जागी रोशन आला. त्याचं गाव भामरागडच्याही पलीकडे, नदीपार. बुटका, चपळ, उजव्या हाताचा. निळे मणी सरांनी सोडवायला सांगितले होते, पण कोणाच्या हाताला ती गाठ सुटेना आणि कापायला कोणी तयार होईना. तसाच खेळला. ऑक्टोबरात नागपूरला त्याने तीन गोल केले आणि तिन्ही डाव्या हाताने. सर खूश झाले. परतताना पोराला ताप भरला, तीन दिवस उतरला नाही.

सुकलू पुन्हा आला. आता राज्याची स्पर्धा झाली की नक्की, असं ठरलं. माणूस वाईट नसतो हो, एक जिंकल्यावर त्याला पुढचं दिसायला लागतं, इतकंच.

राज्याची स्पर्धा चंद्रपुरात होती. पोरं जिंकली. रोशनचे पाच गोल, पाचही डाव्या हाताने. त्या संध्याकाळी पुन्हा ताप. सरांनी रात्र उशाशी बसून काढली, सकाळी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. दुपारी ताप उतरला. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा, म्हणून निघायचं ठरलं. पण त्याआधी सर नवाबच्या शेजारी चहा पीत बसले असताना त्यांना फोन आला. देशपातळीची स्पर्धा जानेवारीत, हाच संघ जाणार. फोन ठेवल्यावर नवाबने सहज विचारलं, वाटेतच सुकलूचं गाव आहे, तेवढी काठी देऊन टाकायची ना?

सर म्हणाले, "जानेवारी होऊ दे, नवाबभाऊ."

तारीख 14 डिसेंबर, गुरुवार. अमावास्या होऊन दोनच दिवस. साडेपाचला चंद्रपूर सोडलं, आलापल्लीला चहा घेतला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. स्टिकांचा गठ्ठा वर कॅरियरवर, ताडपत्रीत गुंडाळून दोरीने आवळलेला. नवाबने स्वतः आवळला होता. आलापल्लीपर्यंत पोरांनी गाणी म्हटली, एकमेकांना टपल्या मारल्या, चषक कोणाच्या मांडीवर राहील यावरून भांडली. पुढे जंगल दाट झालं तशी झोपली. रोशन मधल्या सीटवर सरांच्या खांद्याला टेकून होता.

पेरमिली मागे पडलं. मोबाइलची रेंज गेली. समोर दिव्यांचा उजेड पडेल तेवढाच रस्ता, बाकी साग.

नवाबला वर आवाज आला.

टप-टप... टप.

त्याला वाटलं दोरी सुटली. गाडी उभी केली, टॉर्च घेऊन वर चढला. गाठी घट्ट होत्या. ताडपत्री हललेली नव्हती. हाताने दाबून पाहिलं. खाली उतरला, पोरांकडे न बघता म्हणाला, "कुछ नाई, चलो."

एक किलोमीटर गेला असेल.

टप-टप... टप.

आता तो वरून नव्हता. डावीकडून होता. जंगलातून. गाडी चाळीसच्या वेगाने चाललेली आणि आवाज बरोबर येत होता... तेवढ्याच अंतरावर.

त्याने आरशात पाहिलं. रोशन सोडून नऊच्या नऊ पोरं जागी होती. कोणी खिडकीकडे बघत नव्हतं. सगळे मान खाली घालून बसले होते. चषक खाली पायांत पडला होता, तो कोणी उचलत नव्हतं.

शेवटी मागून एकजण हळू बोलला. "सर, कोलू असाच मारे."

सरांनी खिडकीची काच ओढून घेतली.

"सर," नवाब म्हणाला, "रोशनचं अंग कसं आहे?"

सरांनी पोराच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. भामरागडचा दवाखाना अजून तीस किलोमीटर. नवाबने वेग वाढवला. आवाजानेही वाढवला.

टप-टप... टप. टप-टप... टप.

रोशनचे डोळे मिटलेले होते. पण हात हलत होते. दोन्ही मुठी वळलेल्या, मध्ये काठी असावी तशा. डावी वर, उजवी खाली. सरांनी ते हात धरून ठेवायचा प्रयत्न केला. मोठा माणूस, त्यांना धरवेनात. मग पोरगा बोलला. आवाज त्याचाच होता, पण इतका शांत की नवाबच्या मानेवर काटा आला.

"इथीच उतरवा. घर आलं."

रोशनचं घर नदीपार. इथे घर नव्हतं. इथे एक वळण होतं, आणि वळणावर दगड.

"थांबवू नको, नवाबभाऊ," सर म्हणाले. "दवाखान्यात घे. थांबवू नको."

नवाब पंधरा वर्षं गाडी चालवत होता. प्रवासी सांगेल तसं थांबायचं आणि सांगेल तसं चालायचं, हा धंद्याचा कायदा. तो त्याने आयुष्यात एकदाच मोडला. करकचून ब्रेक मारला आणि चावी काढून खिशात टाकली.

"सर, तुमची ती स्पर्धा तुमच्यापाशी ठेवा," तो म्हणाला. "हा कोण्या मायचा पोरगा आहे. ज्याचं त्याले देऊन या. नाई तर गाडी इथून हलत नाई."

गाडी थांबली तसा आवाजही थांबला.

दिव्यांच्या उजेडात दगडांची ओळ दिसत होती. शेवटचा दगड नवा. काळा, माणसाच्या उंचीचा. त्याला टेकून उलटी बाज, एक गाडगं, कोलूची सात नंबरची जर्सी. आणि बाजूला विझत आलेल्या निखाऱ्यांपाशी घोंगडी पांघरून कोणीतरी बसलेलं.

सुकलू होता.

सर वर चढले. गाठ त्यांना सुटेना. नवाबने दोरी कापली. दहा स्टिकांतून निळ्या मण्यांची काढली. ती हातात घेऊन सर त्या वीस पावलांत किती वेळा अडखळले ते नवाबने मोजलं नाही, पण एकदा ते खाली बसले आणि पुन्हा उठले.

सुकलूने हात पुढे केला नाही. "माह्या हातात नको. त्याच्यापाशी ठेवा."

सरांनी ठेवली. दगडाला टेकवून उभी. आणि तिथेच रडले. सुकलूने त्यांना रडू दिलं.

नवाबने हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही रोज बसता काय इथी?"

"नाई जी," सुकलू म्हणाला. "त्याची माय म्हणे, आज जा. आज पोट्टे येऊन राह्यले."

त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळवायला रेंजच नव्हती.

गाडीत परत आले तेव्हा रोशन उठून बसला होता. घामाने भिजलेला, कपाळ गार. त्याने पाणी मागितलं. मग विचारलं, "सर, थांबलो काऊन?" सरांनी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी नवाबने चावी फिरवली. भामरागडपर्यंत जंगल नुसतं जंगल होतं.

जानेवारीत संघ गेला नाही. सरांनी स्वतःच्या सहीने कळवलं, स्टिका नऊच आहेत, उतरता येत नाही. रोशनला पुन्हा तसा ताप आला नाही. डाव्या हाताने त्याला आता साधा झेलही जमत नाही.

इथे गुणवंतराव थांबतात. शेकोटीत एक लाकूड सारतात. पोरांना वाटतं, झालं.

पुढचा अख्खा पावसाळा नवाब त्या रस्त्याने गेला नाही. नोव्हेंबरात एक भाडं मिळालं, दुपारचं. वळणावर त्याने आपसूक गाडी थांबवली. बाज कुजली होती. जर्सीच्या चिंध्या झाल्या होत्या. गाडगं फुटलेलं.

स्टिक जशीच्या तशी उभी होती.

जाळीचा एक धागा सुटलेला नव्हता. मणी निळेच. नवाब वर्षभर त्या पोरांत वावरलेला, त्याला एवढं कळत होतं, की जाळीची झोळी आपोआप खोल होत नाही. रोज चेंडू पडला तरच होते. ही झोळी खोल झाली होती.

मग त्याने दगडाकडे पाहिलं.

छातीच्या उंचीवर सगळा दगड पांढऱ्या गोल ठिपक्यांनी भरला होता. एकावर एक. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, माती ओली, आणि ठिपके कोरडे. स्टिक ठेवली त्या रात्री तिच्याबरोबर चेंडू कोणी ठेवला नव्हता. आजूबाजूला कुठे दिसतही नव्हता.

नवाबने एका ठिपक्याला बोट लावलं.

बोट पांढरं झालं.