वीस मिनिटांची उकळी

शके अठराशे चौपन्नच्या भाद्रपदात, म्हणजे इसवी सन १९३२ च्या सप्टेंबर महिन्यात, कर्जत तालुक्यातील कडाव गावाबाहेरच्या माळावर, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक पितळी स्टोव्ह तिसऱ्यांदा विझला. वेळ इतकी काटेकोर सांगता येते, याचे कारण तात्यासाहेब चित्रे घड्याळ हातात धरून मोटारीत बसले होते; आणि ज्या गृहस्थाने सत्तावीस वर्षे मुन्सफी केली, त्याच्या घड्याळाविषयी शंका घेण्याचे धैर्य साऱ्या कर्जतेत कोणातही नव्हते.

त्यांच्या मुलीत मात्र ते होते. सुचेता मुंबईहून डॉक्टरकीची परीक्षा उतरून आली होती. एका धर्मादाय मंडळाने कर्जत-खालापूरच्या खेड्यांसाठी फिरता स्त्री-दवाखाना काढण्याचे ठरवून तिला विचारले होते. कापडी टपाची एक जुनी मोटारही देऊ केली होती, आणि ती हाकायला सुचेता पंधरा दिवसांत शिकली होती. अडले होते ते वडिलांपाशी. बाईने नोकरी करू नये, असा तात्यासाहेबांचा आक्षेप नव्हता. इतका सोपा आक्षेप घेणे त्यांना कमीपणाचे वाटले असते.

"शस्त्रे वीस मिनिटे उकळल्यावाचून बाळंतिणीला हात लावणार नाही, असे तूच म्हणतेस," ते म्हणाले होते. "वाडीवर कोरडी चूल कोण देईल तुला? तेव्हा उघड्यावर, पावसावाऱ्यात, उकळी फुटल्यापासून वीस मिनिटे पाणी उकळते ठेवून दाखव. तीन मुक्काम, तीन संधी. उकळी मोडली की संधी गेली. दुसऱ्याचा हात लागला, तरी गेली. आणि मोटारीत पेट्रोल आहे, म्हणून मोटारीत स्टोव्ह नाही."

"आणि मी जिंकले तर?"

"मंडळाला होकाराचे पत्र मी लिहीन. हरलीस, तर नकाराचे तू लिहायचेस."

म्हणून ती कडावच्या माळावर मोटारीच्या चाकाआड गुडघे टेकून बसली होती. पण मोटारीचे पोट जमिनीपासून हातभर उंच. वारा त्याखालून असा शिरे, जसा आगंतुक पाहुणा मागल्या दाराने शिरतो. तिन्ही वेळा स्टोव्ह उकळी फुटण्याआधीच विझला होता, म्हणून संधी अजून शाबूत होती. चौथ्यांदा तिने स्टोव्हच्या वाटीत स्पिरिट ओतले, काडी ओढली, पंप मारला... आणि एकाएकी वारा थांबला. ज्योत निळी झाली, फुरफुरू लागली. पातेल्यात उकळी फुटली.

सुचेताने मान वर केली. चिखलाने भरलेले दोन बूट, खाकी विजार, आणि कोंबडीने पिलांवर पंख धरावेत तसा दोन्ही हातांनी पसरलेला रेनकोट. त्याच्या वर एक हसरा, भिजलेला चेहरा. मागे रस्त्यात एक सायकल आडवी पडली होती.

"आपण कोण?"

"सध्या भिंत," तो म्हणाला. "एरवी हेमचंद्र दिघे. या रस्त्यांचा ओव्हरसियर."

"भिंती बोलत नसतात."

"चांगल्या बांधलेल्या बोलत नाहीत. ही घाईत उभारलेली आहे."

ती हसली — आणि हसण्याच्या भरात अटीचे भान हरपले, ही चूक तिचीच. वीस मिनिटे पाणी खळखळत राहिले. मग तात्यासाहेबांनी घड्याळ मिटले आणि टपाबाहेर डोके काढले.

"बाद."

"तात्या! यांनी हातसुद्धा लावला नाही!"

"हात लावला नाही, सबंध माणूसच लावला. संधी पहिली, बाद."

हेमचंद्राला अट कळली, तेव्हा त्याचे हात खाली आले आणि चेहराही.

"मी... मला वाटले..."

"साऱ्यांनाच वाटते," सुचेता म्हणाली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "जन्मभर हेच ऐकते आहे. 'दे, मी करतो.' 'सोड, तुला जमायचे नाही.' आपल्याला बोलावले होते कोणी?"

"नाही. आता मी काय करू?"

"काही करू नका. जमेल?"

त्याने खरोखर विचार केला. "कठीण आहे," तो म्हणाला. "पण प्रयत्न करीन."

दुसरा मुक्काम कुंभिवलीचा. हेमचंद्राची तिथल्या रस्त्याखालच्या मोरीची पाहणी त्याच दिवशी निघावी, हा योगायोग तात्यासाहेबांच्या नजरेतून सुटला नाही.

"रस्ते एवढे वाईट आहेत का हो, ओव्हरसियर?"

"वाईट नाहीत, तात्यासाहेब. लांब आहेत."

सुचेताने या वेळी दगड रचले होते, फटींत चिखल भरला होता, वर ट्रंकेचे झाकण तिरपे लावले होते. तेरा मिनिटे पाणी उत्तम उकळले. चौदाव्या मिनिटाला पाऊस आडवा आला, झाकण उडाले, आणि स्टोव्हने एक पिवळा उसासा टाकून प्राण सोडला. तिने ओठ घट्ट मिटून डोळे पुसले. पावसाचे पाणी होते, असे तिने स्वतःला बजावले.

चाळीस पावलांवर हेमचंद्र उभा होता. हातात छत्री होती — मिटलेली. उघडायचे तो साफ विसरला होता. तिने बोलावल्यावर तो आला, डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

"मी काही केले नाही," तो आधीच म्हणाला.

"पाहिले मी."

"खरे सांगू? चौदाव्या मिनिटाला पाऊल उचलले गेले होते. पुन्हा जागेवर ठेवले."

"का?"

"आपण सांगितले होते म्हणून... आणि ते पाणी आपले होते म्हणून."

सुचेता त्याच्याकडे बघत राहिली. आजवर तिच्यासाठी धावून येणारे पुष्कळ भेटले होते. तिच्यासाठी जागच्या जागी उभा राहिलेला हा पहिलाच. ती इतकेच म्हणाली, "छत्री उघडा. सर्दी झालेल्या ओव्हरसियरला औषध द्यायला मला वेळ नाही."

"आणि उद्या... साजगावला?"

"उद्या साजगावला मी हरणार नाही."

बोरघाटाच्या पायथ्याशी साजगाव. घाटावरून सुटलेला वारा तिथे दिशा बदलीत फिरतो; आता या बाजूने, तर क्षणात त्या बाजूने. दगडांची भिंत एका अंगाला असते आणि वारा चारही अंगांनी येतो, ही गोष्ट सुचेताच्या काल ध्यानात आली होती. करायचे काय, हे मात्र कळत नव्हते. रस्त्याच्या कडेला मोटार उभी करून ती भाताच्या खाचराकडे पाहत बसली. खाचरात ठाकराच्या वाडीवरची एक बाई वाकून तण उपटीत बेणणी करीत होती. डोक्यापासून कमरेपर्यंत तिने इरले घेतले होते: कामट्यांवर पाने गुंफलेले, पालथ्या होडीसारखे. वारा फिरला, की बाई नुसती पाठ फिरवी. आणि तिच्या पोटाशी धरलेली तंबाखूची चंची कोरडीच राही.

सुचेता ताडकन उठली, आणि चिखल तुडवीत बांधावर गेली.

"बाई, घटकाभर इरले द्याल?"

"आन् मी काय भिजू?" बाईने विचारले. तिचे नाव ठमी.

"तुम्ही माझ्या मोटारीत बसा."

ठमीने मोटारीकडे, मग सुचेताकडे निरखून पाहिले. "तू बायांची डाक्तरीन हाय का? बाजारात बोलत व्हते."

"पाणी उकळले तर आहे. नाही उकळले तर नाही."

"माजी नणंद गेली गेल्या पावसात," ठमी म्हणाली. "बाळ आडवं व्हतं. कोन नाय आलं." तिने इरले डोक्यावरून उतरवले. "घे. वारा फिरल तसं फिरवीत ऱ्हा. आमी काय एका अंगानं उभं ऱ्हातो व्हय?"

आणि ती ऐटीत तात्यासाहेबांच्या शेजारी जाऊन बसली.

"हरकत!" तात्यासाहेब म्हणाले. "इरले उसने आहे."

"पातेले घरचे, पाणी ओढ्याचे, घासलेट मंडळाचे," सुचेता उत्तरली. "हात मात्र माझा. अट हाताची होती. गावात आहे तेच वापरता आले नाही, तर गावात जायचे कशाला?"

तात्यासाहेबांनी क्षणभर मिशी कुरवाळली. "हरकत मागे घेतो."

पाने पेटू नयेत म्हणून तिने इरल्याची आतली बाजू ओंजळीने भिजवली, ते उभे करून पोकळीत स्टोव्ह ठेवला, आणि कड हाताने धरून बसली. उकळी फुटली. वारा डावीकडून आला, इरले डावीकडे. घाटावरून आला, इरले घाटाकडे. मनगट भरून आले, पदर चिखलात गेला. दहा मिनिटे. पंधरा. सतराव्या मिनिटाला असा झोत आला, की इरल्याची कड हातातून निसटली. ज्योत पिवळी पडली, वाकली...

हेमचंद्र एक पाऊल पुढे आला.

"बाजूला!" ती ओरडली.

तो बाजूला झाला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून उभा राहिला. पाहत राहणे त्याला शक्य नव्हते. सुचेताने गुडघ्याने कड दाबली, इरले आपल्या खांद्यावर ओढले, आणि दुसऱ्या हाताने पंप मारला. एक... दोन... तीन. ज्योत निळी झाली. पाणी एकदाही थांबले नव्हते.

"वीस," मोटारीतून आवाज आला. मग घड्याळ मिटल्याचा खटका, आणि: "पत्र मी आजच लिहितो."

"येशील ना मंग आमच्या वाडीवर?" ठमीने विचारले.

"येईन. हे इरले परत द्यायला नव्हे. एक नवे मागायला."

हेमचंद्र अजून हात मागे बांधून उभा होता. सुचेताने पातेल्यात चहाची पूड टाकली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "परीक्षा संपली. वारा आता या बाजूने येतो आहे. कोणी इथे उभे राहिले... तर माझी हरकत नाही."

तो आला. रेनकोट पसरला. दोघांच्या मधे वाफ होती.

"भिंत आज गप्प आहे," ती म्हणाली.

"चांगली बांधून घेतली आपण," तो म्हणाला. आणि मान वळवून: "तात्यासाहेब, मला आपल्याला—"

"पितृपक्ष आहे. या पंधरवड्यात असल्या गोष्टी निघत नसतात."

"कसल्या? मी अजून बोललोच नाही."

"मुन्सफाला अर्ज वाचण्याआधी कळतो."

"मग तो माझ्या नावे दाखल करा, तात्या," सुचेता म्हणाली. तिचे कान तापले होते, आवाज मात्र हलला नाही. "अर्जदार मी आहे. यांची हरकत असेल, तर यांनी आताच सांगावी."

"मला 'काही करू नका' अशी आज्ञा आहे," हेमचंद्र हळूच म्हणाला. "ती उठवली, तर... मी जन्मभर होकार देईन."

"उठवली."

ठमी पदर तोंडाला लावून खुदखुदली. तात्यासाहेबांनी चहाचा पेला घेतला, फुंकर घातली, दोन घोट घेतले. आणि एकदा मुलीच्या चिखलाने माखलेल्या हाताकडे, एकदा त्या रेनकोटवाल्या तरुणाकडे पाहून म्हणाले,

"मुलगा बाजूला हो म्हटले की बाजूला होतो. चालेल."