शेजारची सीट

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याला डोकं नव्हतं. दोन पाय होते, गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट होती आणि त्याच्यावर गाडीची एक अख्खी सीट होती. पाऊस भुरभुरत होता, एवढंच. पण या गृहस्थाने सीटचीच छत्री केली होती आणि समोरचं काही दिसत नसताना तो थेट माझ्या अंगावर चालून येत होता. मी बाजूला झाले नाही. फुटपाथ माझाही होता.

सीट कपाळाला लागायच्या आत मी दोन्ही हातांनी ती थांबवली.

"सॉरी, सॉरी... लागलं का?" सीटखालून आवाज आला.

"मला नाही, हिला लागलंय. आत काथ्या आहे. भिजला की कुजेल आणि मग जन्मभर वास घेत बसा."

सीट हळूच खाली आली. मागून आधी थेंबांनी भरलेला चष्मा निघाला, मग चेहरा. चेहरा बरा होता. चष्मा पुसल्यावर तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, बहुधा मी नीट दिसते आहे का याची खात्री करत असावा.

"तुम्हाला कसं कळलं काथ्या आहे ते?"

"कडेने डोकावतोय. थोडा तुमच्या कॉलरवरही आहे."

तो कोपऱ्यावरच्या मोठ्या काचेच्या दुकानात चालला होता. मी म्हटलं, तिथे फोम भरून देतील. त्याचा चेहरा असा पडला, जणू मी घरातलं कुणी गेल्याची बातमी दिली होती.

"फोम? हिच्यात? अहो, ही जुनी जर्मन गाडी आहे. कारखान्यातून निघताना हिच्यात जे होतं, तेच भरायचंय."

"मग मागे वळा. मागचं दुकान माझ्या मावशीचं."

पुढे कित्येक दिवस मावशी ज्याला त्याला सांगत होती, आमच्या भाचीने भर रस्त्यात अडवून गिऱ्हाईक आणलं. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मी गप्प बसायची.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी शिलाई मशीन, मागे काथ्याचे गठ्ठे, भिंतीला लटकवलेल्या स्प्रिंगा आणि मधोमध मावशी. सोफे, खुर्च्या, गाद्या, सगळं आम्ही दोघी करतो. मावशीचा एकच नियम आहे आणि तो ती कुणासाठीही मोडत नाही : ज्याला बसायचंय त्याला बसवून भरायचं. माणूस बसतो कसा, कुठल्या बाजूला कलतो, पाठ टेकतो की नाही, हे बघून काथ्या कमीजास्त करायचा. गिऱ्हाईक कंटाळतं, पण घरी गेल्यावर दुवा देतं.

गिऱ्हाईक निघालं दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा, आणि रविवारी दवाखान्यामागच्या शेडमध्ये जुन्या जर्मन गाड्या. छंदच तो. सीटचा सांगाडा गाडीतल्या रुळांवर बसवून बघायला हवा, म्हणून भरायचं काम तिथेच करायचं ठरलं. मावशीने मला सुतळी, गोणपाट आणि वाकड्या सुया बांधून दिल्या आणि म्हणाली, "दात दाखवून ये जरा. अक्कलदाढ आली का तेही विचार."

शेड बघून मी चकित झाले. एवढी स्वच्छ जागा आमच्या स्वयंपाकघरातही नाही. मधोमध गाडी उभी होती, गोलमटोल, फुगलेल्या गालांची. इंजिन मागे आणि डिकी पुढे, म्हणजे सगळंच उलट. कडेच्या फळीवर काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येक बरणीत गाडीच्या एकेका भागाचे स्क्रू. कार्बोरेटरची बारीक भोकं तो दात कोरायच्या हत्याराने साफ करत होता. इंजिनच्या खालची बाजू बघायला त्याने दातांचा छोटा आरसा लावला होता.

"तिलाही आ करायला सांगता का?" मी विचारलं.

"सांगतो. ती ऐकते. पेशंट ऐकत नाहीत."

हळूहळू त्याचा स्वभाव कळत गेला. त्याचा एकच धर्म होता, ओरिजनल. मूळ गाडीत जो स्क्रू होता तोच हवा, त्याच खाचेचा. दाराच्या आतल्या एका चिमुकल्या क्लिपसाठी त्याने जगभर चौकशा केल्या होत्या. ती क्लिप पुन्हा कुणाला कधी दिसणार नव्हती. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "मला ठाऊक असेल ना." अशा माणसावर हसावं की त्याच्यासोबत चहा प्यावा, हे मला ठरवता येईना. मी दोन्ही केलं.

आधी त्याची, चालवणाऱ्याची सीट केली. नियमाप्रमाणे त्याला बसवलं, आणि पाठ आणि सीट यांच्यात किती फट राहते ते बघायला हात घातला.

"श्वास सोडा."

"हे वाक्य माझं आहे," तो ताठ बसून म्हणाला.

"मग तुम्हाला कळायला हवं. सोडा... आणि हलू नका. माझ्या हातात सुई आहे."

"आमच्याकडेही अशीच वाकडी असते. लहान."

"आमची मोठी आहे, म्हणून जपून बसा."

त्याने श्वास सोडला. माझा हात फटीत जरा जास्त वेळ राहिला असेल. काथ्याचा अंदाज घ्यायला वेळ लागतोच.

ती सीट झाल्यावर मी विचारलं, "शेजारी कोण बसणार? बोलवा त्यांना. बसवूनच भरावं लागेल."

तो पाना पुसत होता. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता. "तेच... गाडी माझी नाही तशी. पूर्ण झाली की जाणार. एका रिटायर्ड इंजिनिअरना आधीच शब्द दिलाय. मी गाडी करतो आणि ज्याला हवी त्याला देतो. ठेवत नाही."

"एकही नाही?"

"पूर्ण झालेल्या गाडीचं मी काय करू? मला अर्धवटच आवडतात." मग त्याने कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. "यानंतर ती."

तो हात धुवायला गेला तशी मी चादर उचलून आत डोकावले. तिच्या सीट शाबूत होत्या. नुसत्या शाबूत नाही, उत्तम होत्या. टाका उसवलेला नाही, स्प्रिंग दबलेली नाही. चांगल्या कामाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. त्या गाडीला गादीवालीची गरजच नव्हती. म्हणजे ही गोलमटोल गाडी दारातून बाहेर पडली की माझे रविवार संपले, आणि त्यांच्याबरोबर तोही. तेव्हा मला स्वच्छ कळलं की मला हा माणूस हवा आहे. सुईचं टोक बोटात जावं तसं एकदम कळलं.

"शेजारची मध्यम भरा," तो परत येऊन म्हणाला. "कुणालाही चालेल अशी."

इंजिनिअरसाहेबांना एक फोन केला असता तर त्यांच्या बायकोने येऊन बसून दाखवलं असतं. तो फोन मी सुचवला नाही, आणि त्यानेही सुचवला नाही. मी भरायची, स्वतः बसून बघायची, उठून पुन्हा भरायची. लवकर संपवायची घाई मला अजिबात नव्हती.

असंच एकदा मी त्या सीटवर बसलेली असताना तो दारात ओणवा झाला. "इंजिन सुरू होतंय आता. कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारायची?"

"नको. मला गाडी लागते."

"सगळ्याच?"

"सगळ्याच. तोंडावर सारखा वारा हवा. काच पूर्ण उघडली तर केस डोळ्यांत जातात, आणि लावून घेतली की मळमळतं. बसमध्ये माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी असते."

"अच्छा," तो म्हणाला. बस, एवढंच. मला जरा वाईट वाटलं. एखाद्याने आग्रह केला असता.

पुढच्या वेळी गेले तर शेजारच्या बाजूचं दारच जागेवर नव्हतं. "रंगाला दिलंय," तो म्हणाला. दार परत आलं तेव्हा त्याला पुढच्या कडेला एक छोटी तिकोनी काच होती, वेगळी उघडणारी. त्याच्या बाजूच्या दाराला तशी नव्हती. जर्मन लोकांना शेजारी बसणाऱ्याची जास्त काळजी असेल, असं मला वाटलं. मी गाद्या भरते, गाड्यांतलं मला काय कळतं?

गाडी न्यायचा दिवस आला. मावशी दुकान बंद करून माझ्याबरोबर आली, म्हणे आपल्या हाताखालचं काम कसं झालंय ते बघायचंय. मी चांगला ड्रेस घातला होता आणि त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ते जास्त वाईट होतं.

इंजिनिअरसाहेब भिंग घेऊन आले होते. त्यांच्या पत्नी उंच, ऐसपैस आणि प्रसन्न. साहेब गाडीभोवती वाकून वाकून फिरत होते, "वा... वा..." करत. डॉक्टर हात मागे बांधून उभा होता. निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसा.

"बसून बघू का?" काकू म्हणाल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. बसल्या, सरकल्या, पुन्हा नीट बसल्या, पुन्हा सरकल्या. "अगं बाई... ही मला डावीकडे का ढकलतेय? आणि पाठीत काहीतरी टोचतंय. सीट कुणाच्या मापाची आहे ही?"

"मध्यम आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पटला नाही.

"उतरा बरं जरा," मावशी म्हणाली. तिने सीटवर पंजा दाबला, उजवीकडे, मग डावीकडे, मग पाठीशी. तिच्या हातापासून काही लपत नाही. माझ्याकडे वळून भर सभेत म्हणाली, "एक पाय दुमडून कोण बसतं गं आपल्याकडे? लहानपणापासून सांगतेय, पाय खाली सोड. ही तुझी बैठक आहे. अगदी तुझ्या मापाची. दुसरं कुणी हिच्यावर बसूच शकणार नाही."

जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. शेडची जमीन चांगली पक्की होती. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण मी वेळोवेळी बसले, हाताने काथ्या सारला, मला बरं वाटेपर्यंत सारला, आणि आता ते सगळ्यांच्या समोर होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत होता. मी स्टिअरिंगकडे बघत होते.

"एक मिनिट," तेवढ्यात साहेब म्हणाले. ते शेजारच्या दाराशी भिंग घेऊन वाकले होते. "डॉक्टर, हे दार या सालातलं नाही. या सालात दाराची काच अखंड असते. ही तिकोनी काच नंतर आली. तुम्ही... तुमच्याकडून अशी चूक?"

ज्याने एका क्लिपसाठी जग पालथं घातलं होतं, त्याचे कान लाल झाले.

"चूक नाही," तो म्हणाला. "मूळचं दार त्या भिंतीला टेकवून ठेवलंय. हे मी शोधून आणलं."

"पण कशाला?"

"ज्यांनी सीट केल्या... त्यांना गाडी लागते. त्या काचेतून वारा तोंडावर येतो आणि केस उडत नाहीत." मग, कुणी विचारलं नसताना, तो पुढे म्हणाला, "मी मूळचं दार आज सकाळी परत लावणार होतो. पाना हातात घेऊन उभा होतो... नाही लावलं."

काकू हसायला लागल्या, तोंडावर रुमाल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेबांना अजून पत्ता लागला नव्हता. "पण मग ही ओरिजनल राहिलीच नाही," ते हळहळून म्हणाले.

"नाही राहिली," डॉक्टर म्हणाला. "माफ करा, साहेब. ही तुम्हाला देता येणार नाही."

ते वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगात एकदम बळ आलं. "ती चादरीखालची बघा ना!" मी म्हटलं. "तिच्या सीट फार सुंदर आहेत. टाकासुद्धा उसवलेला नाही. काकूंना अगदी छान बसेल."

साहेब भिंगासकट तिकडे वळले. काकू त्यांच्यामागे गेल्या, जाताना माझ्या गालाला हात लावून. मावशीने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि "मला दुकान उघडायचंय" म्हणून निघाली. दारातून वळून त्याला म्हणाली, "डॉक्टर, तिला चहात साखर कमी लागते."

आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो, मध्ये टप. बोलायला ते बरं होतं.

"तुम्ही सीट चुकवलीत," तो म्हणाला.

"तुम्ही दार चुकवलंत."

"मला वाटलं, दार लावलं की कळेल तुम्हाला."

"मला कसं कळणार? मला वाटलं जर्मनांची पद्धत असेल."

तो हसला, मग हसायचा थांबला. "मला तुम्ही आवडता. हे तोंडाने सांगायला हवं होतं, नाही? त्या पावसातच सांगायला हवं होतं."

"त्या पावसात तुम्हाला डोकं नव्हतं," मी म्हटलं. आणि मग, कारण एवढं झाल्यावर लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, "मलाही तुम्ही आवडता. पण गाडी पूर्ण झाली की तुम्ही ठेवत नाही म्हणे."

"ही कधी पूर्ण होईल असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "दार चुकीचं, सीट चुकीची... जन्मभर काम निघेल."

मी दार उघडून बसले. एक पाय दुमडून. सीट कुठेही टोचत नव्हती. त्याने इंजिन सुरू केलं, मागून शिलाई मशीनसारखी फटफट ऐकू आली, आणि आम्ही शेडबाहेर पडलो. तिकोनी काचेतून वारा बरोबर तोंडावर येत होता, केस जागच्या जागी.

शहर संपेपर्यंत मला काही झालं नाही. त्यानंतर थोडं मळमळायला लागलं, पण हे काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, काही न विचारता गाडी कडेला घेतली, हात लांब करून ती काच आणखी थोडी तिरकी केली आणि म्हणाला, "श्वास सोडा."

मी सोडला.