सत्त्याण्णव पोरींचं कारण

“एक पॉइंट नऊ सहा,” तो स्क्रीनकडं बघत म्हणाला. “मॅडम, हे काय आहे?”

“सरासरी,” योगिनी म्हणाली.

“कशाची?”

“पोरींनी शाळा का सोडली, त्या कारणाची.”

आणि तो हसला की हो! चांगला खुर्चीत मागं रेलून हसला. योगिनीचे कान तापले. उस्मानपुऱ्यातल्या त्या संस्थेच्या ऑफिसात बसायचा तिचा दुसराच दिवस. त्याआधी महिनाभर संस्थेसाठीच गंगापूरकडच्या मेंढपाळ वस्त्या पालथ्या घालून तिनं दोनशे बारा पोरींचे फॉर्म भरून आणलेले, आणि हा कोण टिकोजीराव दात काढतोय?

“एक म्हणजे शाळा लांब, दोन घरकाम, तीन लग्न, चार आवड नाही. बरोबर?” तो म्हणाला. “मग एक पॉइंट नऊ सहा म्हणजे काय? शाळा थोडी लांब आणि घरकाम जरा जास्त?”

आता तिलाच हसू फुटलं. दाबलं तरी फुटलं.

“हे दिसायला आकडे, पण आहेत नावं,” त्यानं खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली. “आपण सांगितल्याशिवाय ‘आर’ला, या सॉफ्टवेअरला, ते कळत नाही. चार दिसले की बिचारा चारच समजतो.”

“त्याला तुमच्यासारखं कुणी शिकवायला नसंल,” ती म्हणाली.

तो क्षणभर तिच्याकडं बघतच राहिला. मग घाईघाईनं स्क्रीनकडं वळला. त्याचं नाव ऋतुराज. संस्थेचे आकडे तोच सांभाळायचा.

पुढं काय झालं ते सांगायला नको. तो आकड्यांच्या जागी शब्द घालायला शिकवायचा, ती मुद्दाम दोनदा चुकायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दुपारच्या चहात तो आपल्या ग्लासातला घोटभर तिच्या ग्लासात ओतायचा, न विचारता. बजाजनगरची त्याची बस सुटायची तरी तो म्हणायचा, “पुढची आहे ना...” सात महिने असे गेले. पण तो हवा तो शब्द काही बोलेना! आणि ती तरी कुठल्या तोंडानं बोलणार? त्याच्या घरचा ऊस, तिच्या घरची मेंढरं. तिचा बाप खतासाठी मेंढरं बसवायचा ती रानं असल्याच घरांची असायची. वेडी आशा, दुसरं काय.

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी तिनं चार्ट बघून तोंड वाकडं केलं. मशीननं कारणं वर्णक्रमानं लावली होती. आवड नाही, घरकाम, लग्न, आणि शेवटी शाळा लांब.

“मी वस्तीवर ज्या क्रमानं विचारलं तसं पाहिजे,” ती म्हणाली. “शाळा लांब पहिलं.”

“हुकूम!” तो म्हणाला. एक ओळ टाइप केली, चार्ट झाला. तिच्या आवडीचा मोरपंखी रंगही दिला. त्या रंगाकडं बघत ती एवढी खूश झाली की चार्टच्या खांबांकडं तिनं नीट पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब चष्मा लावून चार्टपुढं उभे राहिले. सगळ्यात उंच खांब होता सत्त्याण्णवचा, आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘आवड नाही’.

“पोरींनाच शाळा नको असेल तर गाडी कुणासाठी पळवायची?” ते म्हणाले. वस्त्यांवरच्या पोरींना शाळेत न्यायला एक गाडी मिळणार होती. तेवढ्यासाठीच तर सारा खटाटोप. आता गाडी वैजापूरकडं द्यायची आणि इथं आवड वाढवायची शिबिरं घ्यायची, असं ठरलं. देखणा अहवाल केला म्हणून ऋतुराजला पुण्याच्या ऑफिसात वरची जागा मिळाली.

योगिनीला आत कुठंतरी खटकलं. वस्त्यांवर तर पोरी वेगळंच बोलल्या होत्या... पण ऋतुराजचा चार्ट चुकेल? मीच चुकीचं ऐकलं असेल. स्वतःच्या कानांपेक्षा तिला त्याची बोटं खरी वाटली.

डोळे उघडले ते वस्तीवरच्या आक्काबाईंनी. शिबिराचं सांगायला योगिनी वस्तीवर गेली, तर ती बाई कोकराला दूध पाजता पाजता थांबली.

“माझी मेघी दोन साल सात किलोमीटर चालत गेली. पाय सुजायचे पोरीचे. आन् तिला आवड नाय, असं तू लिवलंस व्हय गं? आपल्यातली असून?”

योगिनी परत आली. खोलीत फरशीवर सगळे फॉर्म पसरले आणि एकेक करून ढीग लावले. ‘शाळा लांब’ – सत्त्याण्णव. ‘आवड नाही’ – पंचवीस. तिनं पुन्हा मोजले. पुन्हा तेच.

शुक्रवारी चार वाजता चहाच्या टपरीवर तिनं कागद त्याच्यापुढं ठेवला. ऋतुराजनं लॅपटॉप उघडला, ती एक ओळ शोधली, आणि दोनदा वाचली.

“रांग बदलायची होती,” तो पुटपुटला. “मी खालची नावंच बदलली. खांब जागच्या जागी... आणि मधली दोन नावं तिथंच राहिली, म्हणून कुणाला शंका आली नाही.”

“नानासाहेबांना फोन लाव. गाडी उद्या वैजापूरला जाणारंय.”

त्यानं फोन हातात घेतला. ठेवला. परत घेतला...

“योगिनी, सोमवारी मला पुण्याला जॉइन व्हायचंय. आज बोललो तर सगळं गेलं. एकदा जॉइन होऊ दे, मी स्वतः सांगतो. शपथ.”

“आन् गाडी?”

“पुढच्या वर्षी मिळेल गं.” त्यानं तिचा हात धरला, भर टपरीवर. “मी हे सगळं कुणासाठी करतोय? नोकरी पक्की झाली की घरी आपलं सांगणार होतो. माझं प्रेम आहे तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून.”

अरे देवा! सात महिने ज्या वाक्यासाठी तिनं जीव टांगून ठेवला होता, ते यावं तर आत्ता? तिनं हात सोडवून घ्यायला हवा होता. फोन तिच्याही पिशवीत होता, नंबर पाठ होता. पण ती नुसती बसून राहिली, आणि चहा संपल्यावर म्हणाली, “बरं. सोमवारी.”

शनिवारी गाडी गेली.

सोमवारी रात्री त्याचा फोन आला. “आजच कसं सांगू गं... आठ दिवस दे.” तिनं फोन ठेवला आणि नानासाहेबांना सगळं लिहून पाठवलं, दोघांच्या नावानिशी. आपलं नाव आधी.

“शुक्रवारी कळवलं असतं तर गाडी थांबवली असती,” नानासाहेब म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुण्याची जागा काढून घेतली गेली. ऋतुराजनं एवढंच विचारलं, “मला सांगायचं तरी होतंस...” ती म्हणाली, “सांगितलं होतं. शुक्रवारी.” त्यानंतर त्याचा फोन आला नाही, आणि तिनं वाट बघायचं थांबवलं नाही.

आक्काबाईंना मात्र समोर बसून सांगायला हवं होतं. शाळा सुरू व्हायला चार दिवस होते. गाडी येणार नाही, हे ऐकून त्यांची मेघा दारातून उठून आत गेली. मग योगिनीनं उरलेलंही सांगून टाकलं.

“मला शुक्रवारीच कळलं होतं, आक्का. गाडी शनिवारी गेली.”

आक्काबाई तिच्याकडं वळल्या. “मंग बोलली का नाय?”

“एक जण म्हणाला... माझ्यावर प्रेम करतो.”

आक्काबाईंनी पदरानं हात पुसले.

“खोटं बोलला का त्यो?”

योगिनीला हो म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं.

“नाय, आक्का,” ती म्हणाली. “खरंच करत व्हता.”