टोपीच्या सावलीतले डोळे

खरं सांगते, त्याच्या अंगावर ते पाणी मी मुद्दाम ओतलं नव्हतं.

डिसेंबरातली ओलसर सकाळ होती. आमच्या गल्लीत ऊन दुपारी घटकाभर डोकावतं आणि माघारी फिरतं. नेपल्समधल्या अर्ध्या गल्ल्यांचं हेच. म्हणून तर समोरच्या कोनाड्यात मारियामाउलीपुढचा दिवा कधी विझू देत नाहीत. मी दार उघडलं, ब्रश धुतलेलं काळं पाणी रस्त्यावर भिरकावलं आणि—

"अगं बाई!" ओरडले ते मीच.

समोर मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला एक उंच तरुण उभा होता. काखेत वाजवायची, वाऱ्यानं फुगलेली मशक, तिला लाकडी नळ्या लावलेल्या. आणि कोटावरून काळे ओघळ.

"डोंगरातून निघालो तेव्हा ही मेंढी पांढरी होती," तो शांतपणे म्हणाला.

"मग लोकांच्या दारात कशाला उभं राहायचं?"

"मी माउलीसमोर उभा आहे. दार तुमचं मध्ये आलं!"

त्याच्या शेजारी सनई घेऊन उभे असलेले त्याचे सांतेकाका खो खो हसले. "बेरार्दो, चल पुढं. अजून पुष्कळ कोपरे बाकी आहेत."

नाताळाच्या आधीचे नऊ दिवस हे मेंढपाळ खाली शहरात उतरतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या माउलीला बाळंतपणाआधीची अंगाई ऐकवतात. नाताळ झाला की परत डोंगरात. ज्या घरानं पुढच्या वर्षाचं वाजवणं सांगितलं, त्या घरी एक लाकडी चमचा ठेवून जातात. येणारच, असा शब्द म्हणून.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून बाबा गरजले, "पोर्झिया! त्या मशकवाल्याला जाऊ देऊ नकोस. वर आण!"

बाबा म्हणजे मास्तर अनिएल्लो, चित्रकार. एका मठाधिपतींनी त्यांना रस्त्यावरच्या आंधळ्या वादकाचं चित्र सांगितलं होतं, नाताळच्या आदल्या दिवशी हवं होतं, आणि आमचा नेहमीचा आंधळा फिडलवाला तापानं अंथरुणाला खिळलेला.

"पण मला दिसतं हो, मास्तर," बेरार्दो म्हणाला.

"डोळे मिटता येतात ना? झालं तर मग."

तेव्हापासून रोज दुपारी वाजवण्यातून सवड काढून तो यायचा. येताना धुराचा वास आणायचा, आणि खिशात भाजलेली चेस्टनट. एक नेहमी माझ्या रंगाच्या पाटीवर ठेवायचा, न बोलता.

आमचं काम असं: खिडकीची सगळी दारं लावून घ्यायची, वरची एकच फट ठेवायची. कॅनव्हास आधीच तांबूस काळा करून ठेवलेला असतो. "उजेड लावायचा नसतो," बाबा म्हणत, "अंधारातून वेचून काढायचा असतो." कोट, मशक, हात हे बाबांचं. चेहरा माझा. दोन वर्षांपासून बाबांच्या डोळ्यांवर धुकं आलंय, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

"डोळे मिटा."

"मिटलेत."

"खोटं! पापण्या हलतायत."

"आंधळ्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली तर चालते का हो?"

"आंधळा गप्प बसतो."

"गप्प बसतो तो मुका. मठाधिपतींनी नक्की काय मागितलंय, एकदा ठरवा बाई!"

कोपऱ्यात बाबांना उगाचच खोकला आला.

एकदा त्याच्या टोपीची कड खाली ओढायला मी पुढे झाले. माझं बोट त्याच्या कपाळाला लागलं... आणि त्यानं डोळे उघडले. अक्रोडाच्या सालीचा रंग. इतक्या जवळून मी फक्त रंगच पाहिले होते आजवर, माणूस नाही.

"नाताळ झाला की आम्ही निघतो," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे."

"तू... कधी डोंगर पाहिलायस?"

"बाबांना सोडून मी कुठं जाणार?" मी म्हटलं, आणि उगाच ब्रश पुसत बसले, स्वच्छ असलेला.

त्यानं डोळे मिटून घेतले. त्यानंतर ते दोन दिवस इतके नीट मिटलेले राहिले, की मलाच सहन होईना.

त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी चर्चमध्ये आमचे म्हातारे पाद्रीबाबा प्रवचन करत होते. अर्धं बोलतात, अर्धं गातात. आवाज चढला की सगळी बायामाणसं त्यांच्या मागून म्हणू लागतात. "राजवाडे होते ना, बाळांनो? दिवे होते ना? तरी माझा देव गोठ्यातल्या अंधारात जन्मला! ज्या अंधाराला त्यानं कवटाळलं, त्याला भ्यायचं कशाला?" आणि मग पाळणा... मी रडत होते. शेजारणीला वाटलं, भक्तीनं. भक्तीही असेलच त्यात.

दुसऱ्या दिवशी मिटलेल्या पापण्या रंगवायला ब्रश टेकवला आणि हातानं ऐकलंच नाही. डोळे उघडे झाले. सरळ माझ्याकडे बघणारे, त्या दुपारसारखे.

आंधळ्याच्या चित्रात! आता खरवडायला हवं होतं. खरवडवेना. मी अक्रोडाच्या तेलात पातळ तपकिरी रंग कालवला आणि टोपीची सावली त्या डोळ्यांवर ओढून घेतली, ओढणीसारखी. लांबून पाहिलं तर नुसत्या काळोख्या खोबणी. बाबांना तर दिसणारच नव्हतं. त्यालाही नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तो निरोप घ्यायला वर आला. खाली सांतेकाका थांबलेले. मठाचा माणूस चित्र न्यायला येण्यातच होता.

"एकदा नजर घालतो," म्हणत बाबांनी मेणबत्ती उचलली. त्यांना हल्ली नाक टेकवूनच बघावं लागतं. ज्योत कोटावरून फिरली, बोटांवरून, फुगलेल्या गालावरून... टोपीखाली येऊन थांबली. इतक्या जवळच्या उजेडात ती पातळ सावली काचेसारखी झाली होती.

"पोर्झिया," बाबा म्हणाले. "हा आंधळा बघतोय."

त्यांनी ज्योत आणखी जवळ नेली.

"आणि कुणाकडे बघतोय, ते माझ्यासारख्यालाही दिसतंय. मिटलेले काढायचे होते ना?"

"मिटता येईनात, बाबा," मी म्हणाले. बेरार्दोकडे बघायची हिंमत नव्हती, तरी पाहिलंच. "तो जाणार म्हणून... माझ्याकडे बघणारं काहीतरी एकदा तरी माझ्या हातून व्हावं, असं वाटलं."

बेरार्दो मेणबत्तीपाशी आला. स्वतःचे डोळे त्यानं कितीतरी वेळ पाहिले.

"हुबेहूब," तो म्हणाला. "रोज असाच बघत होतो. ती पाठ वळवायची तेव्हा."

"काळा रंग दे," बाबा म्हणाले.

मी दिला. वाटलं, आता पुसणार. बाबांनी ब्रश टेकवला, डोळ्यांना नाही, वर टोपीच्या कडेला. एकच फटकारा. सावली अजून बोटभर दाट झाली.

"आता मठात कुणाला दिसायचं नाही," ते म्हणाले. "ज्यांना दिसायला हवं होतं त्यांना दिसलं." मग मान न वळवता, "काय रे मशकवाल्या, चित्रात बघायला कुणाची परवानगी लागत नाही. घरात लागते. डोंगर सोडवेल तुला?"

"मेंढरं धाकट्या भावाकडं देईन, मास्तर. माउली काय, प्रत्येक कोपऱ्यावर भेटते." त्यानं कोटातून दोन लाकडी चमचे काढले, स्वतः कोरलेले. एक बाबांच्या हातात दिला. "हा घराला. पुढच्या नाताळात दारात वाजवीन."

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"तो तुझा. तो नाताळापर्यंत थांबत नाही. ईस्टरला येतो, काकांना घेऊन. रीतसर मागायला."

खाली उतरून दोघांनी कोनाड्यापुढे पुन्हा एकदा मशक आणि सनई फुंकली. मी दारात उभी होते, चमचा छातीशी धरून. दिव्याच्या उजेडात त्याच्या कोटावरचा काळा डाग स्पष्ट दिसत होता.

"ईस्टरला येताना तेवढा धुऊन ये," मी म्हणाले.

"छे! कुणी आधी खोड काढली, ते घरी दाखवायला नको?"

या खेपेला वाजवताना त्यानं डोळे मिटले नाहीत.