दाब सोडल्यावर

भावाला घरी आनायला धरनाच्या कामावर गेलो, त्या दिवसाचं सांगतो. भेकी माझा धाकटा. तिथल्या बोगद्यात दगड पडून मेला. मढं आनून पुरलं, पर जीव तिथंच ऱ्हायला. आई रोज त्याच्या नावानं मक्याच्या कन्या आन दही वाढून रडायची.

आमच्याकडं मानूस मेला तिथं रानबोरीची फांदी घिऊन जायचं, आन त्याला घरी आनायचं. फांदी हातात असंस्तवर बोलायचं फकस्त त्याच्याशी. दुसऱ्याशी एक शब्द गेला की तो कायमचा तिथंच. आन मी तर भांडल्याबिगर जेवन न पचनारा.

बोगद्याच्या तोंडाशी मुकादम झुंगू व्हता. धरन ज्या खडकावर बसनार तो किती दबंल, ते आत बघत्यात. जॅकनं खडक रेटायचा, मग दाब सोडायचा. किती आत गेला, किती माघारी आला, ते काटा सांगतो. भेकी मेल्यापासनं काटा ठरंना, धरनाचं सगळं काम अडलेलं.

झुंगू म्हनला, "तुझा भाऊ जिवंतपणी कामचुकार. आता मेल्यावर दुसऱ्यांनाही काम करू देत नाही."

थोबाड फोडायला हात शिवशिवला. दात आवळले. तोंडात रगत आलं, पर शब्द न्हाय.

आत वल्या दगडाचा आन तेलाचा वास. बॅटरीच्या उजेडात काटा हलत व्हता. दाब न्हाय, कुनी न्हाय, तरी... आत... भाईर... झोपलेल्या मानसाच्या छातीवानी.

मी फांदी दगडाला टेकवली.

"भेकी, ऊठ. आई वाट बघती."

काटा सरकत सरकत शून्यावर आला आन थांबला. फांदी जड झाली. मागं झुंगूनं गपचिप टोपी काढली. मी छाती काढून भाईर आलो.

आमच्या गावचा टॅक्सीवाला मखिझे, त्याच्या रिकाम्या गाडीत बसून दोघांचं भाडं दिलं. शेजारची सीट दबली. हा पूल, ही आपली टेकडी, असं भेकीला सांगत आलो.

दारात बाया किलकारल्या. आई नाचली, म्हातारी, खरंच नाचली. फांदी पितरांच्या जागी ठेवली, बोकड कापला. जितलो व्हतो मी. आता बोलायला मोकळा.

मखिझेला जेवाय बोलवायला गेलो. तो अजून गाडीतच, हात स्टेअरिंगवर.

"उतर की गड्या, मटन शिजतंय."

त्यानं मान वळवली न्हाय. "तू उतरलास. तुझा भाऊबी उतरला..." आवाज पार खाली गेला. "मग मागं कोन बसलंय?"

मी वाकून बघितलं. माझी सीट फुगून वर आलेली, भेकीची बी. आमच्या मागची दबलेली व्हती. हळू... आत... भाईर...