सरळ रेघ

कलमापक घरात आल्यापासून नेवग्यांच्या घरी एकही भांडण झालं नव्हतं. शेजाऱ्यांना याचं कोण कौतुक. नेवगी सरांना मात्र स्वतःच्याच घरात पाहुणा म्हणून उतरल्यासारखं वाटायचं.

सावंतवाडीत तेव्हा अशी बरीच घरं होती. सुपारीएवढं पांढरं यंत्र देवळीत ठेवायचं आणि महिनाभर नेहमीसारखं बोलायचं; माणसाचं मन कुठे झुकतंय, ते यंत्र बोलण्यावरून सांगे. नोकरी देणारे, लग्न जुळवणारे, दवाखाने, सगळेच आधी कलमापकाचा निकाल मागत. सरांच्या बायकोची, हेमांगीबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. प्रयोगशाळेत वाढवलेला अंकुर पोटात लावला, की वर्षभरात त्याचं नवं मूत्रपिंड होणार होतं. पण वर्षभर रोज स्वतःच्या हातानं सुई टोचून घ्यायची, आणि त्या औषधानं अंगाची नुसती आग व्हायची. मध्येच सोडलं की अंकुर वाया. अंकुर मोजके आणि रांग मोठी, तेव्हा जो शेवटपर्यंत टिकेल असं कलमापक सांगेल, त्यालाच तो मिळे.

निकाल लागायच्या आधीच डॉक्टर ईशानी बांदेकर सरांकडे आली. शाळेत ती त्यांचीच विद्यार्थिनी, आणि आता उपचारकेंद्रात हीच यंत्रं सांभाळायची.

"सर, काकूंची कलमापकावरची रेघ खाली चाललीय."

"अगं, पण 'मी उपचार सोडणार' असं ती कधी म्हणालेली नाही. मग तुझं यंत्र ऐकतं तरी काय?"

"माणूस काय सांगतो ते ऐकतच नाही. कुठला शब्द उचलतो तेवढं ऐकतं. तुमचा 'गिव्ह अप'चा तास आठवतो?"

न आठवायला काय झालं? तो तास गावभर गाजलेला. फळ्यावर क्रियापद लिहून सर म्हणायचे, "इंग्रजाचं सगळं सोडणं एवढ्यात भागतं. आपलं नाही भागत. बाबा तंबाखू सोडतात, आई तुमच्यापुढे हात टेकते, मांजर उंदराचा नाद सोडतं, आणि नेवगी सर काही तुमचा पिच्छा सोडत नाहीत."

"तेच," ईशानी म्हणाली. "एका गोष्टीला जवळजवळचे पाच शब्द असतात. त्यातला कुठला तोंडात येईल ते आपण ठरवून बोलत नाही. मन आतून झुकलं, की शब्द आधी त्या बाजूला झुकतात. माणसाला स्वतःला पत्ता लागतो तो फार उशिरा. या झुकण्याला आम्ही शब्दकल म्हणतो. काकू हल्ली 'जेवण झालं' म्हणत नाहीत, 'आटपलं' म्हणतात. एकट्या शब्दाला काही अर्थ नाही, पण असे हजारो जमले की दिशा कळते. आणि परवा बाजारात निघताना त्या 'जाते' म्हणाल्या."

ते सरांनीही ऐकलं होतं. आपल्याकडे उंबऱ्यावरून कोणी 'जाते' म्हणत नाही. चुकून तोंडून गेलंच, तर घरातलं कोणीतरी 'येते म्हण' म्हणून टोकतं. सरांनीही टोकलं होतं. "बरं, येते," म्हणून हेमांगीबाई गेल्या. काय झालं गं, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं.

"मी हे सांगायला नको होतं," ईशानी म्हणाली. "तुम्ही सर आहात म्हणून सांगितलं. अजून पंधरवडा हातात आहे. त्यांच्याशी बोला."

सर बोलले, पण आपल्या पद्धतीनं. मास्तरच तो, चूक दिसली की हात तांबड्या पेनाकडे जायचा. यंत्राला ऐकू जाऊ नये म्हणून अंगणात तुळशीपाशी शिकवणी सुरू झाली.

"'आटपलं' नाही, 'झालं'. 'कंटाळले' नाही, 'जरा टेकते'."

"आणि भाजी करपली तर?"

"'खरपूस झाली' म्हण."

"मेलं ते यंत्र. हे म्हणू का?"

"तेवढं अंगणातच."

दोघं पोट धरून हसली. मग हळूहळू हेमांगीबाईंच्या चुका होईनाशा झाल्या, आणि अंगणातलं हसणंही थांबलं. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, मला काय वाटतं, ते कधी विचाराल का?"

"सगळं विचारतो. आधी अंकुर पदरात पडू दे."

रेघ वर आली. अंकुर मिळाला, आणि उपचार संपेपर्यंत कलमापकही देवळीतच राहणार होता. सरांनी आळीत पेढे वाटले.

पाच महिन्यांनी ईशानी पुन्हा आली, ती उतरलेल्या चेहऱ्यानंच.

"अंकुर वाढायचा थांबलाय, सर. एक तर शरीर दाद देत नाहीये, नाहीतर काकू औषध घेत नाहीयेत. शरीराचं असेल तर मात्रा चौपट करायला हवी. पण त्या घेतच नसतील आणि एकदम चौपट टोचली, तर हृदयाला सोसणार नाही."

"रोज घेते ती. कुप्या रिकाम्या असतात."

"कुपी मोरीतही रिकामी होते. आणि औषध तासाभरात रक्तातून जातं, तपासून कळत नाही."

"मग कलमापक बघ ना."

"बघितला. रेघ सरळ आहे. इतकी सरळ रेघ मी कोणाचीच पाहिलेली नाही. एरवी माणूस खचायला लागला की आम्हाला आधी कळतं. आम्ही जाऊन बसतो, बोलतो, तो पुन्हा उभा राहतो. काकूंचं आम्हाला काही ऐकूच येत नाही, सर. म्हणून तुम्हाला विचारायला आले. तुम्हाला काय वाटतं?"

पूर्वी हेमाच्या एका 'बरं'वरून सरांना कळायचं, रागावलीय की दमलीय. त्यासाठी कधी यंत्र लागलं नव्हतं.

तेवढ्यात हेमांगीबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. "ईशानी, बस हं. कोथिंबीर घेऊन येते, मग चहा टाकते."

"हेमा, औषध घेतलंस?"

"घेतलं."

"कंटाळलीस का गं? खरं सांग. मी टोकणार नाही."

"छे हो. जरा टेकले की बरं वाटतं."

शब्द न शब्द सरांनीच घोटून घेतलेला. हेमांगीबाईंनी उंबऱ्याशी चपला घातल्या.

"येते हं."

"हेमा, एकदा 'जाते' म्हण ना." सर उठून उंबऱ्यापाशी आले. "एकदाच. त्या दिवशी म्हणाली होतीस तसं."

"भलतंच काय," त्या हसून म्हणाल्या. "असं म्हणू नये. तुम्हीच ना टोकलं होतंत?"

आणि पिशवी झटकून त्या पायऱ्या उतरल्या.